लंगोटाचा पक्का

आबा १९९८ साली गेले. दिवसकार्य उरकल्यावर माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली, तर तिच्यात दोन लाल लंगोट, कुठल्याशा मैदानात मिळालेला फेटा, कडा कुरतडलेला एक ग्रुप फोटो आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला चामड्याचा एक पट्टा निघाला. पट्ट्याच्या आत पोलादाची वाकवलेली पट्टी होती आणि एका टोकाला लहान तळहाताएवढी गादी. घामानं काळी पडून गुळगुळीत झालेली. भाऊ म्हणाला, "व्यायामाचं कायतरी असंल." मी काही बोलले नाही. तोवर मी दहा वर्षं मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवत होते. तो अंतर्गळाचा पट्टा होता आणि गादी उजव्या जांघेवर बसणारी होती.

घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट वेगळी होती. आबांनी चोविसाव्या वर्षी कुस्ती सोडली ती 'कंबर धरली' म्हणून. पुढं कधीतरी मिरजेला जाऊन कसलंसं ऑपरेशन करून आले, ते मूळव्याधीचं, असं आजी सांगायची. खरी गोष्ट आबांनी मला मरण्याआधी पाच वर्षं सांगितली होती, तीही मी विचारली म्हणून नाही. ती पुढं येईल. आधी ती लपवावी का लागली, ते सांगायला हवं, आणि त्यासाठी कोल्हापूर सांगायला हवं.

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं आखाड्यासारखं जुनं प्रेक्षागृह पाहून आले आणि तसं मैदान आपल्या गावात असावं म्हणून त्यांनी खासबाग बांधायला घेतलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. १९१२ साली ते मैदान खुलं झालं. त्यानंतरची दोन-तीन पिढ्यांची गावाची सगळी मिजास त्या लाल मातीत आहे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ, काळा इमाम अशा तालमींची नावं आम्ही शाळांच्या नावांच्या आधी शिकलो. पहिला हिंदकेसरी, १९५९ सालचा, श्रीपती खंचनाळे, तो आमच्याच मातीत घडलेला.

या मातीची एक भाषा आहे आणि त्या भाषेत 'लंगोटाचा पक्का' हा शब्द लंगोटाबद्दल नाही. तो बाईबद्दल आहे. ज्याचा लंगोट पक्का तो ब्रह्मचारी, ज्याचा सैल तो गेलेला. पैलवानाचं बळ जिथं साठतं असं तालीम मानते, नेमकं तिथंच जांघेतून आतडं उतरून गाठ दिसायला लागली, तर वस्ताद तिचा काय अर्थ लावणार? जोर-बैठका चुकल्या, डाव चुकला, एवढ्यावर ते थांबत नाही. गड्याचा लंगोट सैल पडला. आता ही कोटी आहे की निदान, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वस्तादाला मी दोष देत नाही. त्याच्या बाजूनं फार मोठा माणूस उभा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, बाराव्या अध्यायात, वृद्धीचे सात प्रकार सांगितलेत आणि सातवा आंत्रवृद्धी. कारणं काय दिलीत? ओझं वाहणं, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणं, झाडावरून पडणं आणि असेच बाकीचे कष्ट. दुसरं कारण वाचताना मला दर वेळी खासबागेतला धुरळा दिसतो. लक्षणं तर अशी लिहिलीत की आजच्या विद्यार्थ्यानं केस-पेपरवर तशीच उतरवावीत: फुगलेल्या पिशवीसारखी लांबट सूज, दाबली की आवाज करत वर जाते, सोडली की पुन्हा भरते. खाली कोशात उतरलेली असाध्य म्हणून सोडून द्यायला सांगितलीय. पण जी अजून जांघेतच आहे, तिथं अर्धचंद्राच्या आकाराच्या शलाकेनं डाग द्यायचा, आणि का, तर वाट बंद व्हावी म्हणून. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 'वाट'. आतडं भिंत फोडून येत नाही, ते एका मार्गानं येतं, हे त्या माणसानं हातानं चाचपून ओळखलं होतं. ती वाट तिथं कुणी आणि कधी पाडली, हा प्रश्न मात्र त्यानं विचारला नाही. त्यानंतर कित्येक शतकं कुणीच विचारला नाही.

उत्तर असं आहे की ती वाट कष्टानं पडत नाही. ती आईच्या पोटात पडते, आणि पडावीच लागते.

वर्गात मी उशीचा अभ्रा घेऊन जायची. मुलं हसायची, पण परीक्षेत त्यांना तोच आठवायचा. तसंच इथं सांगते. वृषण तयार होतात ते खाली नाही, पोटात, पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या शेजारी. याचा पुरावा प्रत्येक पुरुषाजवळ आहे. क्रिकेटचा चेंडू नको तिथं लागला तर कळ बेंबीच्या आसपास पोटात उठते. अवयव खाली आला, पण त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या जुन्या पत्त्यावरूनच येतात. रक्त पुरवणारी धमनी अजूनही मूत्रपिंडाच्या धमनीच्या जरा खालून निघते आणि सगळं पोट ओलांडून अंडकोशात जाते. घर बदललं तरी रेशनकार्ड जुन्या गावाचं, तसं.

प्रवास दोन टप्प्यांत होतो. साधारण आठव्या ते पंधराव्या आठवड्यात पहिला. वृषणाच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंत मऊ, चिकट ऊतीची एक दोरी असते. ती फुगते, आखूड राहते आणि वृषणाला जांघेच्या आतल्या दाराशी धरून ठेवते. बाळ मोठं होत जातं, मूत्रपिंड वर वर सरकतं, पण वृषण दाराशीच थांबतो. मग बरेच आठवडे काही होत नाही. पंचविसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे सहावा सरून सातवा लागताना, दुसरा टप्पा सुरू होतो. वृषण पोटाच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत अंडकोशात पोचतो.

भिंतीतून बाहेर पडतो म्हणजे काय होतं, तिथं अभ्रा लागतो. पोटाच्या आतून एक पातळ चकचकीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. वृषणाच्या पुढं या अस्तराचा एक खिसा बाहेर जातो, अभ्र्याचा कोपरा बोटानं बाहेर ढकलावा तसा. तो खिसा जाताना भिंतीचा प्रत्येक थर थोडा थोडा पांघरून घेतो. आतल्या पडद्याचं एक आवरण, मधल्या स्नायूचं दुसरं, बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या पट्ट्याचं तिसरं. म्हणून अंडकोश उघडताना सर्जनला एकात एक घातलेले सदरे काढल्यासारखं वाटतं. ते पोटाच्या भिंतीचेच थर आहेत. वृषण या खिशाच्या मागून घसरत खाली जातो. सगळं सुरळीत झालं की खिशाची वरची मान मिटते, खालचा तुकडा वृषणाभोवती उरतो आणि भिंतीत एक तिरपा बोगदा राहतो. पुस्तकात त्याला इंग्वायनल कॅनाल म्हणतात. मोठ्या माणसात तो चारेक सेंटिमीटर लांब असतो. तान्ह्या बाळात तो जवळजवळ नसतोच. आतलं दार आणि बाहेरचं दार एकासमोर एक असतात, कंबर रुंदावत जाते तशी ती बाजूला सरकतात आणि बोगदा तिरपा होतो. तिरपा असण्यातच सुरक्षितता आहे. खोकला आला, जोर काढला की स्नायू खाली येऊन बोगद्याला दाबतात, दुकानाचं शटर ओढल्यासारखे.

मान मिटली नाही तर? तर पोटापासून अंडकोशापर्यंत सुश्रुतानं म्हटलेली वाट तयारच असते. नुसतं पाणी झिरपलं तर अंडकोशात पाणी साठतं, वाट रुंद असली तर आतडं उतरतं. उजवा वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरतो, म्हणून उजवी मान उशिरा मिटते, आणि म्हणून उजव्या बाजूला हर्निया जास्त. मुलींमध्ये बीजकोश कटीत थांबतात, जांघेतून जाते ती फक्त एक बारीक दोरी. त्यामुळं मुलींत हा विकार कमी, पण नाहीच असं नाही.

(हत्तीला ही भानगड नाही. त्याचे वृषण जन्मभर पोटातच, मूत्रपिंडांजवळ राहतात. कोल्हापुरात साठमारीचा खेळ चालायचा, त्या मैदानात चवताळून धावणाऱ्या हत्तीला कुणी लंगोट बांधायला सांगितला नसता. आपल्याला थंडाव्यासाठी बाहेर यावं लागतं असं म्हणतात. शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान शुक्रजंतूंना मानवतं. मग हत्तीचं कसं भागतं, हे मला वर्गात एका मुलीनं विचारलं होतं. मी विषय बदलला.)

हे सगळं कळलं ते अठराव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी युरोपातले सर्जन एका गोष्टीनं चक्रावत. काही रोग्यांत, विशेषतः मुलांत, फुगवटा उघडला की आतडं आणि वृषण एकाच पिशवीत, एकमेकांना चिकटून दिसत. त्यांची समजूत अशी की पोटाचं अस्तर फाटून आतडं वृषणाच्या पिशवीत घुसलं. इंग्रजीत हर्नियाला 'रप्चर' म्हणजे फाटणं म्हणत, ते त्यातूनच. १७५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या आल्ब्रेख्त फॉन हालरनं हा विकार जन्मजात असू शकतो असं मांडलं आणि त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन हंटर आपल्या थोरल्या भावाच्या, विल्यमच्या, विच्छेदनगृहात वेगवेगळ्या महिन्यांचे मृत गर्भ उघडून पाहत बसला. कुठल्या महिन्यात वृषण कुठं असतो ते त्यानं एकापाठोपाठ एक नोंदलं. त्या दोरीला नाव दिलं तेही त्यानंच, गबरनॅक्युलम. लॅटिनमध्ये याचा अर्थ सुकाणू. ती वृषणाला ओढते की नुसती दिशा दाखवते हा वाद त्या नावातच गुंडाळलेला आहे, आणि तो पुढं दोनशे वर्षं चालला. १९८५ च्या सुमारास मेलबर्नच्या जॉन हटसननं दोन टप्पे वेगवेगळ्या संप्रेरकांवर चालतात असं मांडलं. १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत पहिल्या टप्प्याचं संप्रेरक हाती लागलं. ते बनवणारा जनुक काढून टाकला की दोरी फुगत नाही आणि वृषण वरच राहतात.

हंटरच्या निरीक्षणांवरून भांडणही झालं. पर्सिव्हल पॉट या नावाजलेल्या सर्जननं १७५७ साली जन्मजात हर्नियावर पुस्तिका काढली आणि ती आमच्या विच्छेदनगृहात पाहून गेल्यावर लिहिली, असा आरोप विल्यम हंटरनं केला. १७६२ च्या त्याच्या ग्रंथात धाकट्याची निरीक्षणं आणि थोरल्याची ही तक्रार एकाच बाडात छापली आहेत. श्रेय कुणाचं यावर त्यांनी पानं खर्च केली. ते गर्भ कुणाचे होते, यावर नाही. लंडनच्या विच्छेदनगृहांत तेव्हा प्रेतं कशी येत, हे जगजाहीर आहे. रात्री उकरलेल्या थडग्यांतून. ज्या बायका पोटात मूल घेऊन गेल्या त्यांची नावं कुठंच नाहीत.

आमच्या विभागाच्या संग्रहालयातही बरण्यांची एक रांग होती. फॉर्मॅलिनमध्ये, आकारानुसार लावलेली. चिठ्ठीवर आठवडे लिहिलेले, बाकी काही नाही. पहिल्या वर्षी मुलांना तिथं नेताना मी उगीच मोठ्यानं बोलायची. पुढं तीही सवय गेली आणि मी त्यांच्याकडं फक्त 'बारावा', 'विसावा' म्हणून बघू लागले.

१९९३ सालच्या जुलैत माझ्या भावाला मुलगा झाला. साडेसातव्या महिन्यात, पावणेदोन किलोचा. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आला. दहा-बारा दिवसांनी वहिनीनं मला आत बोलावलं. पोरगं रडत होतं आणि उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ उठली होती. निजलं की नाहीशी व्हायची. मी बघितलं, बोटानं हळूच वर सारलं, आतल्या आत गुळगुळ आवाज झाला. सुश्रुताचं वाक्य बोटाखाली आलं, असं त्या क्षणी मला वाटलं, हे सांगायची आता लाज वाटते. कारण दाराशी आजी उभी होती आणि तिचा निकाल देऊन झाला होता.

"सातव्या महिन्यात भरलेला सिलिंडर वडत हुती. मी सांगत हुतो, नको म्हणून."

आमच्याकडच्या बायका 'मी सांगत होतो' असंच म्हणतात, बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. त्या दिवशी कुणाला गंमत वाटली नाही. वहिनीनं सिलिंडर ओढला होता हे खरं होतं. भाऊ फिरतीवर होता आणि चहा टाकायचा होता. आल्यागेल्याला आजी ते सांगू लागली. शेजारच्या काकींनी भर घातली की सातव्यात फार हसलं, खोकलं तरी पोराला अंतर्गळ होतो. वहिनी आधीच दिवस भरायच्या आत बाळंत झाल्यानं खचलेली. ती मान खाली घालून ऐकायची आणि रात्री पोराला पाजताना रडायची.

आणि मी? मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, आदल्याच महिन्यात मी तो धडा अभ्रा घेऊन शिकवला होता. सातव्या महिन्यात वृषण बोगद्यातून जातो. जे मूल साडेसातव्यात बाहेर येतं, त्याची वाट नुकतीच पडलेली असते, मिटायला सवडच मिळालेली नसते. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत हा विकार पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो तो यामुळं. आईच्या पोटाच्या भिंतीवर ताण आला म्हणून बाळाच्या पोटाच्या भिंतीत काही होत नाही. त्या दोन वेगवेगळ्या भिंती आहेत. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण सोप्यात आबा बसलेले, आजी, काकी, भाऊ. त्यांच्यासमोर लग्न न झालेल्या नातीनं वृषण हा शब्द कसा उच्चारायचा? इंग्रजीत बोलले तर कुणाला कळणार नाही, मराठीत बोलले तर सगळ्यांना कळेल. साठ मुलांसमोर खडूनं आकृती काढणारी मी, घरात तीन आठवडे गप्प राहिले.

बाळाचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं, कारण एवढ्या लहान मुलांत आतडं अडकून काळं पडायची भीती जास्त असते. सर्जननं सांगितलं, अर्ध्या तासाचं काम. ते खरंच तेवढंच असतं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. मोठ्या माणसाच्या हर्नियात भिंत दुरुस्त करावी लागते. बाळात भिंतीला हातही लावत नाहीत. खिशाची मान वर शोधायची, बांधायची, कापायची, संपलं. भिंत धडच असते. गर्भातलं राहिलेलं एक काम बाहेर पुरं करायचं, एवढंच.

याच अनुभवावरून मेलबर्नच्या हॅमिल्टन रसेल या सर्जननं १९०६ साली टोकाचं विधान केलं: जांघेतला असा हर्निया कधीच कमावलेला नसतो, पिशवी जन्मतःच असते. तालमीतल्या माणसाला आणि सिलिंडर ओढणाऱ्या आईला याहून मोठी क्लीन चिट कोण देणार? मला रसेल पहिल्यापासून आवडायचा. पण त्याच्या विधानाची दुसरी बाजू मला फार उशिरा, शाहू मार्केट यार्डात दिसली. गुळाचे रवे उचलणाऱ्या एका हमालाला हर्निया झाला आणि मालकाची माणसं म्हणत होती, हे त्याला जन्मापासूनच असणार, कामाचा काय संबंध? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नुकसानभरपाईचे कायदे आले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतही अशीच भांडणं झाली होती. जे ज्ञान आईला सोडवतं, तेच हमालाला बुडवतं.

रसेल अर्धाच बरोबर होता. १९२४ साली आर्थर कीथनं त्याला उत्तर देताना लक्ष वेधलं ते जोडऊतीकडं, बोगद्याच्या भिंती ज्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बनतात त्या झिजतात, सैलावतात. साधी गोष्ट अशी की कित्येक पुरुषांत ती मान जन्मभर थोडी उघडी असते आणि त्यांना काहीही होत नाही. दार उघडं असणं आणि त्यातून कुणी येणं यांत फरक आहे. म्हाताऱ्यांत तर वेगळ्याच जागी, दाराच्या बाजूला, भिंत थेट फुगते, तिचा गर्भातल्या वाटेशी संबंध नसतो. आणि डेन्मार्कमध्ये पुरुषांच्या कामाची व ऑपरेशनांची नोंद जुळवून पाहिली, तेव्हा रोज जास्त वजन उचलणाऱ्यांत आणि तासन्‌तास उभं राहणाऱ्यांत हर्नियाची ऑपरेशनं जास्त निघाली. तीही म्हाताऱ्यांच्या प्रकाराची नव्हे, गर्भातल्या वाटेनं येणाऱ्या प्रकाराची. म्हणजे वाट जन्माआधीची, ढकलणारा हात नंतरचा. सुश्रुताला ढकलणारा हात दिसला, हंटरला वाट.

दुरुस्तीचा इतिहास मोठा आहे, पण तो बहुतेकांना ठाऊक असतो. पाडुआच्या एदोआर्दो बासिनीनं १८८४ पासून बोगद्याचा तिरपेपणा टाक्यांनी पुन्हा उभा केला. तरुणपणी रोमच्या लढाईत त्याच्या स्वतःच्याच जांघेत संगीन घुसली होती. पुढं जाळी आली. आणि इथं महाराष्ट्रातल्या दोन माणसांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनी २००१ साली जाळीशिवायची पद्धत प्रसिद्ध केली. बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या पट्ट्याची एक चिरफाळी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून मागच्या भिंतीला लावायची, म्हणजे भिंत जिवंत राहते. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली आणि ती तोडीस तोड ठरली. आणि धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. जाळी परवडत नाही म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, २००३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष छापले. लोक हसले असतील. २०१६ साली युगांडातल्या ३०२ पुरुषांवर तशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली, वर्षभरानंतर दोन्हींत म्हणण्याजोगा फरक नव्हता, आणि ते जगातल्या सर्वांत वजनदार वैद्यकीय नियतकालिकात आलं.

आबांच्या काळी यातलं फारसं काही नव्हतं. पट्टा होता.

बाळाच्या ऑपरेशनच्या दिवशी आबा माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले होते. वहिनी आणि भाऊ आत दाराशी. आबांनी हातातली टोपी दोनदा झटकली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "एवढ्याशा पोरानं काय वजन उचललं असंल गं?"

माझं तोंड उघडलं ते तिथं. शेजारी कुणी नव्हतं. मी त्यांचीच टोपी मागून घेतली, उलटी केली, बोटानं तिचा कोपरा बाहेर काढून दाखवला. जमेल त्या शब्दांत सांगितलं. काही शब्द त्यांनीच सुचवले, मी अडखळत होते म्हणून. पैलवानाला शरीराची लाज नसते, हे मला तेव्हा कळलं. लाज मलाच होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे कवाड आदीपासनंच उगडं."

"हो."

"आन् वस्ताद म्हणाला, लंगोट सैल हाय तुजा. सगळ्या तालमीम्होरं." ते थांबले. "माजं लगीन बी झालं नव्हतं तवा. एक बाई म्हाईत न्हवती मला."

मग त्यांनी पट्ट्याचं सांगितलं. एकोणीस वर्षं बांधला. आजीशिवाय कुणाला कळू दिलं नाही. गावातल्या दवाखान्यात ओळखीचे भेटतील म्हणून ऑपरेशनला मिरजेला गेले. तालमीच्या रस्त्यानं जायचं टाळून रोज लांबच्या वाटेनं गिरणीवर कामाला गेले. मी म्हणाले, "आबा, तुमचा काही दोष नव्हता." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण शिकवायची खोड. मी म्हणाले की उघडं दार कित्येकांना असतं, सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, फार जोर काढणाऱ्यांना जास्त होऊ शकतो.

त्यावर ते हसले. "मग त्यो अगदीच खोटं न्हवता बोलला. जोर लई काढायचो मी. कलाजंगवर दोन-दोन मणाचा गडी उचलायचो." आणि त्यात त्यांना, माझ्या अंदाजाच्या उलट, बरंच वाटल्यासारखं दिसलं.

बाळ संध्याकाळपर्यंत दूध प्यायलं. दुसऱ्या दिवशी घरी आलो. जेवायला बसल्यावर आजीनं सवयीनं सुरुवात केली, "तवाच म्हटलं हुतं, सिलिंडर..."

आबा भाकरी मोडत होते. वाढणाऱ्या सुनेशी किंवा बायकांच्या विषयावर ते कधी बोलत नसत. त्यांनी मान वर केली नाही. "सिलिंडरचं नाव या घरात परत काढायचं न्हाई," म्हणाले. "मला जल्माच्या आदीपासनं हुतं. माज्या आईनं कुठला सिलिंडर उचलला हुता?"

भावाचा हात ताटातच थांबला. त्याला वाटलं म्हातारा काहीतरी बरळतोय. आजीला मात्र कळलं, तिनं पदर तोंडाला लावला. वहिनीच्या हातातली आमटीची पळी हलत होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आजीनं दोन दिवस खरंच नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी काकींना सांगत होती, पोरगं बारीक आहे, वहिनीचं दूधच पातळ.